काठाकडे

१४ जून

तिन्ही होड्या उन्हाळाभर काठावर पालथ्या होत्या. आज सरळ केल्या. एकीच्या खाली विंचू निघाला. साक्षीने चपलेने मारला. एका शिडाला उंदराने भोकं पाडली आहेत. घरी बायको, वच्छला, शिवून देते म्हणाली.

पिंपळझऱ्याचा तलाव अजून खाली आहे. बुडालेल्या सागाची खोडं उघडी पडली आहेत. पाऊस येईपर्यंत सराव काठावरच.

या वर्षी सहा मुलं. साक्षी ऊर्जानगरचीच, आमच्या क्वार्टरच्या मागच्या लाइनीतली. जुनी आहे. नवीन एक मुलगी आली आहे, सुकरी. भामरागडच्याही पलीकडच्या गावची, माडिया. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नाही, म्हणून आमच्या मागच्या खोलीत राहील. मी तिला विचारलं, पोहता येतं का. ती माझ्याकडे पाहत राहिली.

साक्षी म्हणाली, "सर, तुमी मासोळीले इचारून राह्यले, पोहता येते का म्हणून."

सगळे हसले. सुकरी हसली नाही. पोहता न येणारं माणूस असतं, हे तिला ठाऊक नसावं.

२ जुलै

तलाव भरू लागला. सुकरीला आज शिडाच्या होडीत बसवलं. तिच्या नदीवर डोंगा असतो, एका झाडाचा कोरलेला, बांबूने ढकलायचा. शीड तिने कधी पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत ते तिच्या हाताला कळलं. हैदराबादच्या तलावावर मी हे शिकलो तेव्हा मला एक अख्खा हंगाम लागला होता.

शिट्टीचा सराव सुरू केला. वारा वाढला की मी काठावरून शिट्टी वाजवतो. शिट्टी झाली की हातातलं काम सोडायचं आणि जो काठ जवळ असेल तिकडे वळायचं. विचार करायचा नाही. पुन्हा पुन्हा करून घेतो, झोपेतही जमेल इतकं. माझ्याकडचं एकही मूल आजवर बुडालं नाही. पालकांना मी एवढंच सांगतो. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

११ जुलै

सुकरी गावाला गेली आणि पूर आला. भामरागडचा रस्ता बंद. तिच्या गावात फोन लागत नाही.

२३ जुलै

सुकरी आली. सोबत तिचे वडील, लालसू. चिखल गुडघ्यापर्यंत. वाटेतली नदी त्यांनी डोंग्याने पार केली. वच्छलाने आधी गरम पाणी दिलं, मग भात वाढला.

ती म्हणाली, "एवढ्या पुरात काऊन आले भाऊ? पोरीले चार दिवस ठेवून घ्यायचं."

"शिकणं बुडते म्हणे," लालसू म्हणाले. "रडून राह्यली होती."

मी विचारलं, डोंगा धारेला लागला तर काय करता. लालसूंनी भात कालवत सांगितलं. एक जण दोर घेऊन उडी मारतो. काठावर झाड असतं. त्याला दोर बांधला की डोंगा जागेवर.

"हेच मारते उडी." त्यांनी सुकरीकडे पाहिलं. "एवढीशी होती तवापासून. मीच शिकवलो."

मी म्हटलं, आमचंही तेच आहे. काठ आधी. लालसूंना बरं वाटलं. त्यांनी आणखी भात घेतला.

१८ ऑगस्ट

दुपारी आभाळ एकदम काळं झालं. मी शिट्टी तोंडाला लावली, तोवर सुकरीची होडी वळली होती. मानेला वारा लागताच तिने वळवली. बाकीची मुलं शिट्टीनंतर.

घरी वच्छलाला सांगितलं, काठाकडे वळणं हिच्या अंगात मुरलं आता.

६ सप्टेंबर

गोव्याहून एका बोटीच्या कप्तानाचा फोन. समुद्रातली शर्यत आहे. गोव्याहून निघून लक्षद्वीपच्या एका बेटाला वळसा घालून परत. मोठी यॉट, शिडाचीच, सहा जणांची तुकडी. त्याला एक जागा अशा मुलीसाठी ठेवायची आहे जिच्या जिल्ह्याला समुद्र नाही. दोन मुलींना चाचणीला पाठवा म्हणाला. साक्षी आणि सुकरी जातील.

मला दिवसभर एका जागी बसवलं नाही. रात्रीच्या जेवणाला वच्छला म्हणाली, "पोरींले समुद्रात धाडून राह्यले. तुमी तरी पायला का समुद्र?"

"पाहिला आहे."

"कवा?"

"सहा डिसेंबरला. दादरला."

"तो तं मी बी पायला. चैत्यभूमीच्या मागं. पायावर पानी आलं तं तुमीच पयले मागं सरकले होते."

सुकरी हसली. आमच्या घरात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

२८ सप्टेंबर

दोघी परत आल्या. सुकरीची निवड झाली. साक्षीची नाही.

"पोटात होतं तेवढं सगळं समुद्राले देऊन आली, सर," साक्षी म्हणाली. "त्यायले वाटलं एवढं दिलं तं पोरगी बी ठेवून घ्या, पण नाई घेतली."

चेहरा उतरलेला होता. मग म्हणाली, "तिथी वेगळं सांगते, सर. वारा वाढला का जमिनीपासून दूर राहा म्हणते."

मी म्हटलं, बंदराजवळ मोठी जहाजं असतात. गर्दी असते. त्यासाठी असेल.

२५ ऑक्टोबर

सुकरीचा फोन. गोव्यात तिचं शिक्षण चालू आहे. चार तास काम, चार तास झोप, दिवस असो की रात्र. कमरेचा पट्टा दोराने बोटीला अडकवलेला असतो. वारा चढला की शीड गुंडाळून लहान करायचं. ती आता डोळे मिटून करते म्हणाली. कप्तान तिला सुकाणूवर जास्त वेळ ठेवतो, कारण तिचे हात थकत नाहीत.

"भीती वाटते का?"

"भीती नाई, सर. पण कुठीच काठ नाई दिसत. चहूकडं एकसारखं."

मग म्हणाली, "सर, कप्तान म्हणते, वारा वाढला तं बाहेर जायचं, खोल पान्यात. तुमी तं काठाले म्हणता."

मी तिला म्हटलं, कप्तान सांगेल तसं कर. पण माझ्याकडचं एकही मूल आजवर बुडालं नाही, हे लक्षात ठेव.

"हो, सर," ती म्हणाली.

एवढ्या दूर जाऊनही तिला माझं शिकवणं आठवतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं.

२२ नोव्हेंबर

शर्यत सुरू झाली. फोनच्या नकाशावर प्रत्येक बोटीचा एक ठिपका दिसतो. तिचा हिरवा. कॉलेजात सगळ्यांना दाखवला. प्राचार्य म्हणाले, हा सरकतच नाही. मी म्हटलं, समुद्र मोठा आहे.

लालसूंना निरोप दिला आहे की बाजाराच्या दिवशी भामरागडला येऊन फोन करा.

२६ नोव्हेंबर

त्यांनी बेटाला वळसा घातला. परत फिरले. लालसूंचा फोन आला.

"कुठपर्यंत आली?"

"अर्ध्यावर."

"मंग येतेच आता," ते म्हणाले. मागे बाजाराचा आवाज होता. कोणालातरी त्यांनी आनंदाने माडियात काही सांगितलं.

२८ नोव्हेंबर

समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला आहे असं बातम्यांत आहे. हिरवा ठिपका किनाऱ्याजवळ आला होता. सकाळपासून तो तिथेच आहे. साक्षी म्हणाली, मशीन बंद पडलं असेल. मीही तेच म्हटलं.

२९ नोव्हेंबर

बोट खडकांवर फुटली. पाच जण सापडले.

१ डिसेंबर

लालसू आले. त्यांना भामरागडच्या पोलिसांकडून कळलं होतं. सोबत गावचा बुधू होता. दोघे ओट्यावर बसले, आत आले नाहीत.

लालसूंनी विचारलं, "खालच्या अंगाले पायले का?"

मला समजलं नाही. बुधूने सांगितलं. त्यांच्या नदीत माणूस वाहून गेला तर खालच्या एका वळणावर पाणी गोल फिरतं, तिथे सापडतो. दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी. सगळं गाव तिथे जाऊन बसतं. समुद्राचं तसं वळण कुठे आहे, ते पाहिलं का?

मी म्हटलं, विमान शोधत आहे.

"इमान वरून पायते," लालसू म्हणाले. "पानी कोनीकडं वाहून राह्यलं ते सांगा ना, सर."

मी म्हटलं, समुद्र एका दिशेला वाहत नाही. त्यांनी बुधूकडे पाहिलं. माझं त्यांना खरं वाटलं नसावं. ज्या पाण्याला खालचं अंग नाही अशा पाण्यावर मी त्यांच्या मुलीला पाठवलं, हे त्यांनी कसं खरं मानावं.

५ डिसेंबर

शोध थांबवला. मला फोनवर सांगितलं. लालसूंना मी सांगितलं. ते अजून इथेच आहेत, तिच्या खोलीत. बुधू परत गेला.

दर वर्षी आम्ही आज मुंबईच्या गाडीत असतो. वच्छला म्हणाली, मी त्या पाण्याजवळ जात नाही.

९ डिसेंबर

लालसू ओट्यावर बसून असतात. समोरच्या रस्त्याने पॉवर स्टेशनच्या बस जातात, पाळी बदलते, माणसं उतरतात. प्रत्येक बस ते नीट पाहतात.

मी त्यांना म्हटलं, कधीकधी मच्छीमार उचलतात माणसाला, दूर कुठे नेतात, उशिरा कळतं. असं कुठे झालेलं मला माहीत नाही. पण म्हटलं.

वच्छलाने ते ऐकलं. आत येऊन म्हणाली, "काऊन सांगता त्यायले असं?"

१९ डिसेंबर

कप्तान आला. स्वतः आला, नागपूरपर्यंत विमानाने, पुढे टॅक्सीने. पन्नाशीचा माणूस, एक हात गळ्यात बांधलेला. लालसूंच्या समोर तो उभाच राहिला. वच्छलाने खुर्ची दिली तेव्हा बसला.

त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवतो.

पश्चिमेचा वारा होता, बोटीला जमिनीकडे ढकलणारा. शिडाचा आडवा दांडा फिरला आणि त्याच्या खांद्याला, डोक्याला लागला. तो खाली पडला. दोघे त्याला सांभाळत होते. दोघे पुढे शीड उतरवत होते. सुकाणूवर सुकरी एकटी. वारा आणखी चढला. तेव्हा तिने बोट किनाऱ्याकडे वळवली. पुढचे दोघे ओरडले, बाहेर घे, बाहेर. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. दिवे दिसत होते. दिव्यांच्या अलीकडे खडक होते.

"बोट अडकली तेव्हा ती म्हणाली, मी दोर नेते. आम्ही नको म्हणत होतो. तिने कमरेचा पट्टा सोडला, दोर दातात धरला आणि उडी मारली. आम्हाला वाचवायलाच गेली."

लालसू म्हणाले, "दोर घेऊन?"

"हो."

"ते मी शिकवलो."

लालसू उठले आणि मागच्या खोलीत गेले.

मी कप्तानाला विचारलं, वादळात मुलीने काठ शोधला यात तिचं काय चुकलं? तो म्हणाला, समुद्रात उलटं असतं. खोल पाण्यात बोट लाटेवर टिकते. फुटते ती जमिनीला लागून. पहिल्या दिवसापासून हे शिकवलेलं असतं, आणि तिला ते पाठ होतं. मग त्याने विचारलं, "तुम्ही तलावावर वारा वाढला की काय करून घेता?"

मी शिट्टीबद्दल सांगितलं. विचार न करता वळतात हेही सांगितलं. आजवर एकही मूल बुडालं नाही, हेही.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तलावासाठी बरोबर आहे."

चहा अर्धा ठेवून गेला. आपली जबाबदारी तो एका मुलीवर टाकून गेला, असं मला वाटतं. तुकडीचा प्रमुख खाली पडतोच कसा?

२० डिसेंबर

लालसू सकाळी गावाला गेले. जाताना मला म्हणाले, "माह्याच हातानं झालं, सर. नदीचं समुद्राले लावलो."

मी म्हटलं, स्वतःला दोष देऊ नका. यापेक्षा जास्त काय म्हणता येतं?

वच्छला दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बस जाईपर्यंत पाहत राहिली.

१४ जानेवारी

बुधूचा फोन. लालसूंनी सुकरीचा दगड उभा केला. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा दगड उभा करतात, कुळाच्या जागी. गावाने सगळं केलं. पण लालसूंनी नदीवर जाणं सोडलं आहे. डोंगा पालथा घातला आहे. कोणाला पलीकडे जायचं असेल तर दुसऱ्याला बोलवावं लागतं.

"घरात बोलत नाई, सर," बुधू म्हणाला. "पोरीले मीच मारलो म्हणते. तुमचं ऐकते ते. तुमी सांगा त्यायले काई."

मी म्हटलं, सांगतो.

२ फेब्रुवारी

सांगायचं राहिलं. तिथे फोन लागत नाही.

वच्छला जेवायला वाढते आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसते. विचारलं तर काही नाही म्हणते. तिची तब्येत बरी नसावी.

१९ फेब्रुवारी

तलावावर गेलो नाही. तसं कारण नव्हतं.

३ मार्च

आज गेलो. दुपारी अवकाळी वारा सुटला. शिट्टी वाजवली. सगळ्या मुलांनी होड्या वळवल्या, फक्त साक्षीने नाही. ती तलावाच्या मध्यावर थांबली. शीड जवळजवळ उतरवून, होडीचं तोंड वाऱ्याकडे करून. मी शिट्टी वाजवत राहिलो. घसा सुकला. बाकीच्या दोन होड्या काठाजवळच्या सागाच्या खोडांवर आपटल्या. मुलं कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली, एकाचं ढोपर फुटलं.

वारा पडल्यावर साक्षी आली. कोरडी होती.

मी म्हटलं, शिट्टी ऐकू आली नाही?

"आली."

"मग?"

"सुकरीले बी आलीच असन, सर. तिथपर्यंत."

मी म्हटलं, सुकरीने कप्तानाचं ऐकलं नाही म्हणून ते झालं.

"तिनं तुमचं ऐकलं."

मुलं उभी होती. मी तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नको. तिने लाइफ जॅकेट काढून होडीत ठेवलं. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे मला समजतं. पण बेशिस्त मी चालवून घेऊ शकत नाही. पाण्यावर शिस्त गेली की जीव जातो.

८ मार्च

घरी येताना साक्षीच्या वडिलांनी मला पाहिलं आणि स्कूटर वळवली.

२३ मार्च

लालसू आले. दुपारच्या बसने आले, आधी घरी, मग विचारत विचारत तलावावर. सोबत धाकटी मुलगी, चैती. सुकरीचेच डोळे. खांद्याला पिशवी, पिशवीत कपडे.

लालसू वाळले आहेत. म्हणाले, "हिले शाळेत जायले नदी लागते, सर. रोज. मी आता शिकवत नाई. माह्या हातचं शिकवणं खोटं झालं. तुमी शिकवा हिले."

मी म्हटलं, शिकवतो.

"समुद्रात नाई धाडाचं."

"नाही."

"फक्त जगाले पायजे."

मी चैतीला होडी दाखवली. ती वाकून शिडाच्या कापडाला हात लावून पाहू लागली. मला खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की काही तरी पुन्हा सुरू होऊ शकतं. तिच्या मापाचं जॅकेट शोधायला मी शेडमध्ये गेलो. लहान मापाची जॅकेटं सगळ्यात खाली होती.

बाहेर आलो तेव्हा साक्षी तिथे होती. तिला कोणी सांगितलं माहीत नाही; वच्छलाने सांगितलं असावं, कारण लालसू आधी घरी गेले होते. ती लालसूंच्या समोर मातीत बसली होती आणि बोलत होती. मी जवळ गेलो तेव्हा शेवटचं ऐकू आलं.

"तुमच्या दोरानं नाई झालं, भाऊ. दोराची वेळ नंतर आली."

मला पाहून ती उठली नाही. लालसूंनी तिला विचारलं, "पयले काय आलं?"

साक्षीने माझ्याकडे पाहिलं. "सर सांगतीन," ती म्हणाली.

लालसू माझ्याकडे वळले. रागाने नाही. ते वाट पाहत होते. डिसेंबरात बस पाहत होते तसे.

मी म्हटलं, वारा फार होता. कप्तान पडला होता. अशा वेळी कोणाचंच काही चालत नाही. मी बोलत होतो आणि माझ्या हातात ते लहान जॅकेट होतं. त्याचा पट्टा तुटलेला आहे हे मला तेव्हा दिसलं. दुसरं पाहतो म्हटलं आणि शेडमध्ये गेलो. पट्टा शिवता येईल का पाहत बसलो.

परत आलो तेव्हा साक्षी एकटी होती. लालसू मुलीला घेऊन बांधावरून रस्त्याकडे निघाले होते. पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. या वेळी तिथून बस नसते. सकाळशिवाय काही मिळत नाही.

मी साक्षीला विचारलं, काय सांगितलंस.

"तुमी नाई सांगतलं ते."

मी बांधापर्यंत धावलो. हाक मारली. लालसू म्हटलं, मग भाऊ म्हटलं. चैतीने मागे वळून पाहिलं. लालसूंनी तिचा हात धरला होता, तो त्यांनी सोडला नाही, आणि चालत राहिले.